न दिसणारे जाळे

२०२० सालच्या पावसाळ्यात शाळांची दारे बंद होती आणि वर्ग मोबाइलवर भरत होते. त्या दिवसांत कोकणात, सातपुड्यात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर एक नवेच दृश्य पाहावयास मिळाले. सकाळ झाली की दप्तरात भाकरी घेऊन मुले टेकडीची वाट धरीत. कोणी झाडाच्या बुंध्याशी बसे, कोणी पावसाला आडोसा म्हणून प्लॅस्टिकच्या कागदाची खोपी उभारी. ज्या दगडावर बसले असता 'रेंज' येई, तो दगड मिळविण्यासाठी थोडी धक्काबुक्कीही होई. शहरातील एखाद्या मुलाला वर्ग चुकवावयाचा असला, तर 'रेंज नव्हती' ही सबब त्याला पुरत असे. टेकडीवरच्या मुलांच्या बाबतीत ती सबब नव्हती, वस्तुस्थिती होती.

या दृश्यात विचार करण्याजोगी एक गोष्ट दडलेली आहे. टेकडीवर जो मोबाइल बोलत होता, तोच खाली घरात मुका होता. यंत्र तेच, त्यातील बॅटरी तीच, त्यावर भरलेले पैसेही तेच. मग टेकडी चढताच त्याला वाचा कोठून फुटली? उत्तर कठीण नाही, परंतु ते सहसा कोणी मनात आणीत नाही. मोबाइलचे सामर्थ्य हातातल्या यंत्रात नसून त्याच्या मागे पसरलेल्या जाळ्यात आहे. यंत्र दुकानातल्या काचेच्या कपाटात दिसते. त्याची किंमत, त्याचा कॅमेरा, त्याची चकाकी यांवर घराघरांत चर्चा रंगतात. जाळे मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ते तुटले म्हणजेच त्याची आठवण होते.

मोबाइलला बिनतारी म्हणण्याचा प्रघात आहे. तो निम्मादेखील खरा नाही. दापोलीच्या आईने नागपूरला शिकणाऱ्या मुलाला हाक मारली, तर तिचा आवाज हवेतून जातो तो जवळच्या टॉवरपर्यंत; म्हणजे फार तर काही किलोमीटर. पुढे तो बहुधा जमिनीखाली पुरलेल्या काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने धावतो, अदलाबदल केंद्रांतून वाट काढतो, आणि नागपूरच्या एखाद्या टॉवरवर चढून शेवटची मजल पुन्हा हवेतून गाठतो. मधला सारा प्रवास खोदलेल्या चरांचा, पुरलेल्या तंतूंचा आणि रात्रंदिवस वीज खाणाऱ्या यंत्रांचा आहे.

ज्या लहरींवर हा आवाज स्वार होतो, त्यांचे ज्ञान जुने आहे. मॅक्सवेलने १८६५ साली त्यांचे गणित मांडले, हर्ट्‌झने १८८७-८८ मध्ये प्रयोगशाळेत त्या निर्माण करून दाखविल्या, आणि १८९५ मध्ये जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात त्यांच्या साहाय्याने दूरची घंटा वाजवून लोकांना चकित केले. मार्कोनीने १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडे संकेत पाठविला. म्हणजे लहरी माहीत होत्या, त्यांवर संदेशही जात होते. तरीही सामान्य माणसाच्या खिशात दूरध्वनी येण्यास पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. हा विलंब कशाने झाला, हे समजले म्हणजे जाळ्याचे मर्म समजते.

१७ जून १९४६ रोजी अमेरिकेतील सेंट लुई या शहरात मोटारीतून बोलण्याची दूरध्वनी सेवा सुरू झाली. यंत्राचे वजन सुमारे ३६ किलो होते. ते मोटारीच्या मागच्या डिकीत बसवावे लागे. परंतु वजन ही खरी अडचण नव्हतीच. खरी अडचण ही की, साऱ्या शहरात एका वेळी अवघी तीन माणसे बोलू शकत. शहराच्या मध्यभागी एक उंच मनोरा, त्यावरून सर्व शहराला पुरेल अशा जोरदार लहरी सोडावयाच्या, अशी ती रचना होती. एका वारंवारितेवर एक माणूस बोलू लागला की ती वारंवारिता शहरभर अडे. वारंवारिता म्हणजे काही गिरणीत काढता येणारा माल नव्हे. निसर्गाने ती मोजकीच दिली आहे, आणि त्यातूनच रेडिओला, विमानांना, सैन्यालाही वाटा द्यावा लागतो. परिणाम असा झाला की, १९७६ मध्येही न्यूयॉर्कसारख्या महानगरात या सेवेचे केवळ ५४५ ग्राहक होते आणि ३,७०० जण रांगेत तिष्ठत उभे होते. पैसा होता, यंत्रे होती, जागा नव्हती.

या कोंडीतून सुटण्याची वाट मात्र फार पूर्वीच कागदावर उतरली होती. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी एक टिपण लिहिले. त्यामागील कल्पनेत रे यंग या त्यांच्या सहकाऱ्याचाही वाटा होता. एकच उंच मनोरा उभारून शहरभर ओरडण्याऐवजी मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे भूमीचे लहानलहान षट्कोनी कप्पे पाडावेत, प्रत्येक कप्प्यात एक ठेंगणा मनोरा ठेवावा आणि त्याने आपल्या कप्प्यापुरतेच हळू आवाजात बोलावे, अशी ती कल्पना होती. एका आळीत दोन भजने एकाच पट्टीत सुरू झाली, तर दोन्हींचा विचका होतो. परंतु पाच कोसांवरच्या दुसऱ्या गावात त्याच वेळी, त्याच पट्टीत भजन रंगले, तर इकडच्या टाळकऱ्यांना त्याचा काय उपद्रव? तद्वतच शेजारच्या कप्प्यांनी वेगळ्या वारंवारिता वापरल्या, तर काही अंतरावरील कप्प्याला पहिलीच वारंवारिता पुन्हा वापरता येते. जी वारंवारिता शहरात एकालाच पुरत होती, ती अनेकांना पुरू लागते. माणसे वाढली तर कप्पे आणखी लहान करावेत. इंग्रजीत या कप्प्याला 'सेल' म्हणतात. 'सेल्युलर' हे नाव त्यावरूनच पडले. पुढच्या पिढ्यांनी शेजारच्या कप्प्यांतही तीच वारंवारिता वापरण्याच्या युक्त्या काढल्या, तरी पाया तोच राहिला. मोबाइलच्या इतिहासातील सर्वांत मोठा शोध कोणता असे विचारले, तर हाच, असे म्हटले पाहिजे. हा शोध यंत्राचा नाही. थोडेसे असलेले पुष्कळांना कसे वाटून द्यावे, याचा आहे.

अर्थात कप्पे पाडले म्हणजे नवे प्रश्न आलेच. बोलणारा माणूस एका जागी बसून थोडाच राहतो? पुण्याहून लोणावळ्याकडे धावणाऱ्या गाडीत बसलेला मनुष्य बोलता बोलता किती तरी कप्पे ओलांडतो. प्रत्येक सीमेवर त्याचे बोलणे एका टॉवरने दुसऱ्याच्या हाती सोपवावयाचे, आणि तेही त्याला न कळता. शिवाय कोणी हाक मारली तर हा मनुष्य या क्षणी देशाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, हे जाळ्याला ठाऊक हवे. म्हणून मोबाइल खिशात निजलेला दिसला तरी तो निजलेला नसतो. टॉवरची हाक तो सतत ऐकत असतो आणि मधूनमधून आपला ठावठिकाणा कळवीत असतो. टॉवर जवळ असेल तर तो हळू बोलतो, दूर असेल तर त्याला ओरडावे लागते. ज्या गावात रेंज क्षीण, तेथे मोबाइलची बॅटरी लवकर का उतरते, याचे कारण हे आहे. हा सारा हिशेब क्षणोक्षणी ठेवण्यास संगणक लागत होते, आणि नव्या वारंवारिता देण्यास अमेरिकन सरकारची मान्यता लागत होती. दोन्ही मिळण्यात तीस-पस्तीस वर्षे निघून गेली.

मधल्या काळात, ३ एप्रिल १९७३ रोजी, मोटोरोला कंपनीचे मार्टिन कूपर न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सव्वा किलोच्या आतबाहेरचे एक यंत्र कानाला लावून उभे राहिले आणि त्यांनी पहिला दूरध्वनी केला तो बेल प्रयोगशाळेतील आपल्या प्रतिस्पर्ध्याला, जोएल एंजेल यांना. हा प्रसंग सर्वांना आवडतो, कारण त्यात यंत्र आहे आणि थोडी खोडीही आहे. रिंग यांच्या टिपणात असे काही नाही. म्हणून ते कोणाच्या स्मरणात नाही. पुढे १९७९ मध्ये टोकियोत, १९८१ मध्ये उत्तर युरोपात आणि १९८३ मध्ये शिकागोत कप्प्यांची जाळी व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये आवाजाचे अंकांत रूपांतर करून पाठविणारी दुसरी पिढी अवतरली. तिच्या मागोमाग तिसरी आली, चौथी आली. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाचवीचेही उद्घाटन झाले.

दुसऱ्या पिढीने आणलेल्या एका गोष्टीपाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावयास हवे. ती म्हणजे लघुसंदेश. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नाताळच्या शुभेच्छांचा पहिला लघुसंदेश गेला. एका संदेशात रोमन लिपीतील १६० अक्षरे मावत. देवनागरीतील मात्र केवळ ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी यांची गणना स्वतंत्र. 'क्षि' हे एक अक्षर लिहिले, तर चार चिन्हे खर्ची पडत. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून मापे ठरविणाऱ्यांच्या मनात देवनागरीचा विचार नव्हता, एवढेच याचे कारण. आरंभीच्या पुष्कळ यंत्रांत तर देवनागरी नव्हतीच. मग लोकांनी मराठी रोमन लिपीत लिहावयास सुरुवात केली आणि ती खोड आता यंत्रे सुधारली तरी सुटत नाही. जाळे विणताना कोणाची गणना झाली आणि कोणाची राहून गेली, याचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, हे यावरून कळते.

भारतात पहिला मोबाइल संवाद झाला ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी भाषण केले. त्या वेळी मिनिटाला सुमारे १६ रुपये पडत, आणि आलेल्या हाकेचेही पैसे मोजावे लागत! साध्या दूरध्वनीची अवस्था त्याहून फारशी बरी नव्हती. तो घरात येण्यासाठी त्यापूर्वी अनेकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली होती. शेजाऱ्याच्या घरचा क्रमांक आपल्या पत्त्याखाली 'पी. पी.' अशी अक्षरे घालून छापण्यात त्या काळी कोणाला संकोच वाटत नसे; आणि शेजारीही जिन्यातून हाका मारून चार बिऱ्हाडांना बोलावून आणी. २००३ मध्ये आलेल्या हाकेचे पैसे रद्द झाले, दर कोसळले, आणि मोबाइल श्रीमंतांच्या हातून निसटून भाजीवालीच्या टोपलीत, रिक्षावाल्याच्या खिशात जाऊन बसला. आज देशात शंभर कोटींहून अधिक मोबाइल जोडण्या आहेत.

गरिबाच्या हाती आलेली वस्तू नवी बुद्धी घेऊन येते. 'मिस्ड कॉल' हा त्याचा उत्तम नमुना होय. घंटा वाजवावयाची आणि समोरच्याने उचलण्यापूर्वी बंद करावयाची. पैसा एकही लागत नाही. एकदा वाजली तर 'सुखरूप पोहोचलो', दोनदा वाजली तर 'स्टेशनवर न्यावयास या', असे संकेत घरोघर ठरले. कोणत्याही अभियंत्याने ही भाषा योजली नव्हती.

शेतकऱ्याचे उदाहरण याहून मोलाचे आहे. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते. मग अपरात्री उठावे, विंचूकाट्याची पर्वा न करता विहिरीवर जावे, आणि तेथे पोहोचताच वीज गेलेली आढळावी, हा महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा जुना अनुभव. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचे एक यंत्र तयार केले. ते पंपाला जोडले की शेतकरी घरबसल्या मोबाइलवरून पंपाला विचारू शकतो की वीज आहे काय, आणि तेथूनच पंप चालू किंवा बंद करू शकतो. यात विहिरीपर्यंतची पायपीट वाचली; परंतु विहिरीवर रेंज असली तरच.

केरळातील मच्छीमारांची हकिकत तर अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी मोजमाप करून ठेवलेली आहे. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर तारलीची मासेमारी मोठी. नाव भरली की मच्छीमार आपल्या नेहमीच्या बंदरावर येई. तेथे गिऱ्हाईक नसले तर मासळी समुद्रात फेकून देई. १४ जानेवारी १९९७ रोजी बडगरा येथे ११ मच्छीमारांना असे करावे लागले. आणि त्याच दिवशी १५ किलोमीटरांच्या आत मासळीवाचून २७ गिऱ्हाइके परत जाण्याच्या बेतात होती. त्याच वर्षापासून २००१ पर्यंत त्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने टॉवर उभे राहिले. त्यांची रेंज समुद्रात २०-२५ किलोमीटर पोहोचे. मच्छीमार नावेतूनच निरनिराळ्या बंदरांवर चौकशी करू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की, मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. विकणाराही सुखी आणि घेणाराही सुखी, असा योग बाजारात विरळा. तो यंत्रांनी आणला नाही. यंत्रे तर त्यापूर्वीही दुकानांत मिळत होती. किनाऱ्यावर टॉवर उभे राहिले, तेव्हा तो आला.

मोबाइलविषयी लिहावयाचे म्हणजे 'शाप की वरदान' असा प्रश्न मांडण्याची शालेय प्रथा आहे. मुलांचे डोळे बिघडतात, वाचन सुटते, भामटे परस्पर पैसे लांबवितात, या तक्रारी खऱ्याच आहेत आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु ज्याच्या पाड्यापर्यंत रेंजच पोहोचली नाही, त्याच्यापुढे हा प्रश्न मांडणे म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाचे पथ्य सांगणे होय.

कारण आता काळ बदलला आहे. मोबाइल ही एके काळी सोय होती. हळूहळू तिची अट झाली. २०१६ पासून पैशाची देवघेव त्यावरून होऊ लागली. बँकेचे काम असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो की आधार कार्डातील दुरुस्ती, ओळख पटविण्याचा परवलीचा अंक मोबाइलवरच येतो. रास्त धान्याच्या दुकानातील अंगठा घेणारे यंत्रही याच जाळ्यावर अवलंबून असते. मेळघाटात, भामरागडात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात जेथे रेंज नसते, तेथे धान्य गोणीत असूनही वाट पाहण्याची पाळी येते. जोवर मोबाइल ही चैन होती, तोवर टॉवर कोठे उभारावा हे कंपनीच्या हिशेबावर सोडणे योग्य होते. शिधा आणि शिक्षण त्याच्या दारातून येऊ लागल्यावर तो हिशेब एकट्या कंपनीचा राहत नाही.

कोणी म्हणेल, चाळीस घरांच्या वस्तीसाठी टॉवर उभारणे परवडणार कसे? प्रश्न रास्त आहे. डोंगरावर रस्ता नाही, वीज नाही, आणि महिन्याचे रिचार्ज मोजून मोजून कितीसे होणार? परंतु परवडण्याचाच विचार केला असता, तर 'गाव तेथे एस. टी.' हे ब्रीद कधी निघाले नसते. भामरागडच्या पोस्टकार्डाला दादरच्या पोस्टकार्डापेक्षा जास्त तिकीट कधी लागलेले नाही. जास्त खर्चाच्या टपालाचा भार कमी खर्चाच्या टपालाने उचलला. मोबाइलच्या बाबतीतही हे तत्त्व सरकारने मान्य केलेले आहे. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातील ५ टक्के वाटा दुर्गम भागातील सेवेसाठी एका निधीत घेतला जाऊ लागला. २०२३ च्या कायद्याने त्याला 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेंज न पोहोचलेल्या २४,६८० गावांत चौथ्या पिढीची सेवा नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हे स्वागतार्ह आहे. यात उपकाराची भावना मात्र कोणी आणू नये. शहरातला मनुष्य जे रिचार्ज करतो, त्यात डोंगरावरच्या टॉवरची वीट धरलेलीच आहे.

तरीही टॉवर उभा राहिला म्हणजे काम संपले, असे नव्हे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत माडापोफळींच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि विजेमागोमाग मोबाइलची जाळीही निमाली. टॉवर उभे होते त्या ठिकाणीही ते मुके झाले, कारण त्यांच्या पायथ्याशी असलेल्या बॅटऱ्या काही तासांपुरत्याच असतात, आणि जनित्राला डिझेल पोहोचविण्याचे रस्ते झाडांनी अडलेले होते. ज्या दिवशी हाकेची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवशी हाक बंद. मुंबई-पुण्यातील लेकी-सुनांना आणि मुलांना गावाकडच्या म्हाताऱ्यांची खुशाली कळेना. काहींची खुशाली कित्येक दिवसांनी कळली, तीही कोणी समक्ष जाऊन आल्यावर.

वादळाचे राहू द्या. साध्या पावसाळ्यातही आठआठ दिवस बंद राहणारे टॉवर आहेत, आणि सरकारी कागदांवर त्या गावांची नोंद 'रेंज पोहोचली' अशीच असते. टॉवरच्या उद्घाटनाची तारीख फलकावर कोरली जाते. त्याच फलकाशेजारी, हा टॉवर गेल्या महिन्यात किती दिवस चालला, बंद पडला तो कशाने, आणि दुरुस्तीस कोण, केव्हा आले, याचीही नोंद दरमहा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजे. ती वाचण्यास टेकडी चढावी लागणार नाही.